विचारा, सांगतो : उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ऊन सोसत नाही

मागच्या अंकात रात्रीच्या जागलीला थर्मल कॅमेरा, म्हणजे अंधारातलं जनावर त्याच्या अंगच्या उष्णतेवरून दाखवणारा कॅमेरा, किती कामाचा, यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती 'कोणता घेऊ' अशी कमी आणि 'घेतलेला बिघडला' अशी जास्त. हिंगणघाटच्या माझ्या दुकानात पूर्वी मेगर, क्लॅम्प मीटर आणि जिनिंगच्या पॅनलमधले मीटर दुरुस्तीला यायचे. आता गळ्यात अडकवायचे हे दुर्बिणीसारखे कॅमेरेही येतात. त्यात कॅमेरा मुळात बिघडलेला असतो असं क्वचितच, बहुतेकांना बॅटरीनं मारलेलं असतं. म्हणून या खेपेला बॅटरीला जागा जास्त दिली आहे. पत्रं छाटली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : भाऊ, आम्ही सिंदेवाही तालुक्यातले. थ्री-फेज लाइन रात्रीची असली की उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्रीच बांधीत जावं लागते. म्हणून काही जणांनी मिळून एक थर्मल कॅमेरा घेतला. हिवाळ्यात एका चार्जिंगवर रात्र निघायची. एप्रिल लागला तसा मध्यरात्रीच मान टाकते. बॅटरी नकली लागली का? कॅमेरा गटाच्या टिनाच्या खोलीत राहतो. कोणीही नेला तरी भरलेला मिळावा म्हणून चार्जरची पिन कायम लावलेली असते.

उत्तर : नकली असेलही. पण टिनाची खोली आणि कायम लावलेली पिन, एवढ्यावरच अस्सल बॅटरीसुद्धा मरते.

यातली बॅटरी लिथियम-आयन असते, मोबाइलमधल्याच जातीची. तिला दोन गोष्टी खातात. एक उष्णता, दुसरी काठोकाठ भरून पडून राहणं. तुम्ही तिला दोन्ही एकदम दिल्या. चार्जिंगची मर्यादा बहुतेक पुस्तिकांमध्ये 0 ते 45 अंश सेल्सिअस छापलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतलाच पारा 45 च्या वर जातो, मग टिनाखालच्या दुपारचं मी काय सांगावं! त्यात चार्ज होताना बॅटरी स्वतःही तापते. आतलं सर्किट चांगलं असेल तर ते चार्जिंग थांबवतं आणि तुम्हाला संध्याकाळी अर्धवट भरलेला कॅमेरा मिळतो. साधं असेल तर ते भरत राहतं आणि दर दुपारी बॅटरीची थोडी ताकद कायमची जाते. ती परत येत नाही. 'एकदा पूर्ण उतरवून भरा, ताजी होईल' असं जे सांगतात ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीबद्दल खरं होतं. लिथियमला पूर्ण उतरवणं उलट घातक.

आता करायचं काय. पहाटे कॅमेरा परत आला की लगेच पिन खुपसू नका. वापरून तो गरम झालेला असतो. मातीच्या भिंतीच्या खोलीत, खाली जमिनीवर, थोडा वेळ पडू द्या. मग गारवा आहे तोवर भरून घ्या आणि भरला की पिन काढा. नव्वद टक्क्यांवर काढलीत तर आणखी बरं. कूलरच्या वाऱ्यात ठेवायला हरकत नाही, फक्त पाण्याचे तुषार येतात त्या टप्प्यात नको. फ्रिजमध्ये ठेवायची कल्पना दोघांनी कळवली आहे. ती सोडा. गार वस्तू बाहेर काढली की तिला दव धरतं, आणि ते बाहेरून दिसतं तसं आतही धरतं.

चार्जिंग कशावर करता हेही बघा. गावातली लाइन गेली की पिन काढून ठेवायची आणि लाइन आल्यावर थोडं थांबून लावायची. परत येताना व्होल्टेज उसळतं, आणि स्वस्त चार्जर तो उसळा गिळत नाही, पुढे ढकलतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भरत असाल तर चांगला कार चार्जर वापरा आणि इंजिनला सेल्फ मारताना पिन काढलेली ठेवा. सोलर पंपाच्या पॅनलमधून वायर ओढून चार्ज करणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या पॅनलच्या माळेचं व्होल्टेज माणूस मारण्याइतकं असतं, तिथे कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात.

राहिला गटाचा प्रश्न. सामाईक विहिरीचा गाळ काढायच्या दिवशी सगळ्यांना पाहुणे येतात, तसं या कॅमेऱ्याचं होणार. एकाच घरी ठेवा, चार्जरही त्याच्याच घरी, आणि नेणाऱ्यानं वहीत सही करायची. बॅटरी बदलता येणारी असेल तर दोन ठेवा आणि दोन्हींवर खडूनं नव्हे, परमनंट मार्करनं घेतल्याची तारीख टाका. कोणती म्हातारी झाली ते त्यावरूनच कळेल.

प्रश्न : काका, मी दिग्रसचा, बारावीत आहे. आमच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण बसत नाही. बॅटरी थोडी जाड झाल्यासारखी वाटते. बाबा झाकणावर रबर गुंडाळून वापरतात. कॅमेरा चालतो चांगला. बाबांना काय सांगू?

उत्तर : रबर काढा आणि आजपासून तो कॅमेरा वापरू नका, असं सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. बॅटरी फुगली आहे, म्हणजे आत वायू साठला आहे. 'चालतो चांगला' याला इथे काही अर्थ नाही. फुगलेली बॅटरी शेवटच्या मिनिटापर्यंत चांगली चालू शकते.

एक गृहस्थ अशीच बॅटरी शर्टाच्या खिशात घालून माझ्याकडे आले होते. वरचं निळं वेष्टन मधोमध उसवलेलं, त्यातून चकचकीत पिशवी वर आलेली, कडेला नखाएवढी काळपट ओल. जवळ नेली तर नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा गोडसर वास. काउंटरवर ठेवून ते तिला अंगठ्यानं दाबत विचारत होते, 'हवा काढून देता का?' मी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांना राग आला. आतले पातळ थर एकमेकांना टेकले की शॉर्ट होतो, आणि मग ती इतकी झपाट्यानं तापते की हातातून टाकायलाही सवड मिळत नाही.

तुझ्याकडची बॅटरी जोर न लावता निघत असेल तर काढ. अडकली असेल तर चाकू, पेचकस काही घालू नकोस, कॅमेऱ्यासकट राहू दे. लोखंडी घमेल्यात कोरडी रेती घाल, तिच्यावर बॅटरी ठेव आणि घमेलं अंगणात सावलीला ठेव. कुटार, पऱ्हाट्या, तुराट्यांपासून दूर. आणि तुमच्याही घरात भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवला असेल, तर त्या खोलीच्या आसपाससुद्धा नको. पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, 'एकदा बघू' म्हणूनही नाही.

धूर निघालाच तर त्या धुरात श्वास घेऊ नका, तो विषारी असतो. पिनेवर असेल तर आधी मेन स्विच पाडा. मग लांबून पाणी, भरपूर. एवढ्या लहान बॅटरीला पाणी चालतं, कारण काम असतं ते गार करण्याचं. ज्वाळ विझली म्हणून थांबू नका, ती पुन्हा पेटते.

प्रश्न : राळेगावहून लिहितो. माझ्या कॅमेऱ्यात 18650 नंबरचे सेल लागतात. ऑनलाइन 9900 एमएएचचे स्वस्तात मिळत आहेत. घ्यावे का?

उत्तर : नका. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. एवढ्या नळीत नावाजलेल्या कंपन्या साधारण साडेतीन हजार एमएएच बसवतात. 9900 हा आकडा फक्त वेष्टनावर असतो. असा सेल हातात घेतला तरी हलका लागतो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचा, शॉर्टपासून संरक्षण असलेला सेल घ्या. तो किंचित लांब असतो, म्हणून आधी आपल्या खाचेत बसतो का ते बघा. दुसरं, सुटा सेल खिशात चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर ठेवू नका. नाण्यानं दोन टोकं जोडली गेली की मांडी भाजते. प्लॅस्टिकची डबी दहा-वीस रुपयांत येते.

प्रश्न : अकोट तालुका. सोयाबीन काढताना थ्रेशरच्या धुळीत कॅमेरा भरून गेला. भिंग रोज दुपट्ट्यानं पुसतो, तरी चित्र धुरकटच. काच बदलून मिळेल का?

उत्तर : ती काच नाहीच. साध्या काचेतून उष्णतेचे हे किरण पलीकडे जात नाहीत. तुमच्या खिडकीच्या बंद काचेतून या कॅमेऱ्यानं बाहेर बघा, म्हणजे तुम्हाला बाहेरचं नाही, तुमचंच धूसर रूप दिसेल. म्हणून भिंग जर्मेनियम नावाच्या मूलद्रव्याचं करतात. ते महाग, ठिसूळ, आणि वर पातळ लेप दिलेला. बदलायचं म्हटलं तर कॅमेऱ्याच्या किमतीचा मोठा तुकडा जातो.

दुपट्ट्यानं काय होतं ते ट्यूबलाइटखाली भिंग तिरपं धरून बघा. बारीक गोल गोल ओरखडे दिसतील. धूळ म्हणजे माती, मातीत गारगोटीचा चुरा, आणि आपण तोच कापडानं भिंगावर फिरवतो. म्हणून आधी धूळ उडवायची, मग पुसायचं. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण जातात. रबरी फुगा मिळतो, त्यानं हवा मारा. मग मेडिकलमधून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि औषधी कापूस आणा. बोळा ओलसर करा, निथळता नको, आणि मधून कडेकडे हलक्या हातानं एकदाच फिरवा. दुसऱ्या वेळी नवा बोळा. आपल्या वावरातला कापूस घरात ढीगभर असला तरी या कामाला नको, त्यात पानाचा चुरा आणि सरकीचं टरफल असतं. राख, साबणाची भुकटी, खिडकी पुसायचा स्प्रे, सॅनिटायझरची जेल, काहीही नको. आणि हे रोज करायचं नसतं. रोज करायचं ते एकच, भिंगाचं टोपण लावायचं. फवारणीच्या दिवशी तर कॅमेरा वावरात नेऊच नका.

ओरखडे थोडे असतील तर चित्रात फारसा फरक पडत नाही. तुमचा धुरकटपणा फोकसचा असू शकतो. आधी तो फिरवून बघा.

प्रश्न : कॅमेरा मधूनच 'टक्' करतो आणि चित्र क्षणभर थांबतं. दुरुस्तीला पाठवू का? (आर्वी)

उत्तर : नका पाठवू. आतला पडदा सेन्सरपुढे येऊन जातो, त्यानं सेन्सरचे ठिपके एकसारखे जुळवून घेतले जातात. तो आवाज बंद झाला तर मग मला लिहा.

प्रश्न : मोटरसायकलवर जाताना कॅमेरा गळ्यात असतो. आता चित्रात एक वाकडी पांढरी रेघ कायम दिसते. पडला-झडला नाही. (पुसद)

उत्तर : भरदुपारी, टोपण न लावता, भिंग वर करून. बरोबर ना? ती रेघ सूर्याची वाट आहे. भिंगानं सूर्य नेमका सेन्सरवर आणला, आणि तुम्ही हलत होता म्हणून ठिपक्याऐवजी रेघ उमटली. कॅमेरा बंद होता म्हणून काही वाचत नाही. अशी रेघ काही वेळा हळूहळू पुसट होते, काही वेळा राहते. आठवडाभर सावलीत वापरा, आतलं जुळवणं हातानं करायची सोय असेल तर ते अधूनमधून करा. तरी राहिली तर ती राहिली.

सूर्य, वेल्डिंगची ठिणगी आणि लेझर, या तिघांकडे हा कॅमेरा कधीच रोखायचा नाही. टॉर्चला मात्र घाबरू नका. रात्री पाहायच्या जुन्या नळीच्या दुर्बिणींना उजेड बाधायचा, याला बाधत नाही.

तुम्ही लिहिलं नाही, पण मोटरसायकल म्हटली की डिकी आलीच. मे महिन्यात उभ्या गाडीच्या डिकीत, कारच्या डॅशबोर्डवर, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये कॅमेरा किंवा सुटी बॅटरी सोडून जाऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांची वापराची वरची मर्यादा 50 अंशांच्या आसपास असते, आणि उन्हातली डिकी ती सहज ओलांडते. पांढऱ्या ओल्या पंचात गुंडाळायचा प्रयोगही नको. सुती पिशवी, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी तुमच्या अंगावर, सावलीच्या बाजूला.

प्रश्न : दादा, मी ब्रह्मपुरी तालुक्यातली. मोहफूल वेचायला आम्ही बायका पहाटे जातो. वाघ गावाजवळ आला की लोकांना सांभाळणाऱ्या, गावातल्याच प्राथमिक प्रतिसाद दलाचा कॅमेरा आमच्याजवळ देतात. त्यात काही दिसलं नाही तर वाघ नाही असं समजून वेचायला बसतो. बरोबर आहे का?

उत्तर : ताई, नाही. दिसला तर आहे. दिसला नाही तर आपल्याला काहीच कळलं नाही, असं धरा.

हा कॅमेरा वस्तूच्या आत बघत नाही, तिच्या वरच्या पृष्ठभागाची उष्णता बघतो. पानांच्या पडद्यामागे जनावर बसलं असेल तर तुम्हाला पानंच दिसतील. झुडपातून कानाचा नाहीतर पाठीचा एखादा ठिपका दिसला तर नशीब. 2018 मध्ये पांढरकवड्याकडे, माणसं मारल्याचा ठपका असलेल्या टी-1 वाघिणीच्या शोधात थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोनही आणले होते, तरी मोहीम लांबतच गेली. शिवाय उन्हाळ्यात सूर्य वर आला की जमीन, दगड, वारुळं तापतात आणि जनावराच्या अंगाच्या उष्णतेच्या जवळपास येतात. मग वारूळ कोणतं आणि वाघ कोणता हे कळत नाही. संध्याकाळी उलटं होतं, दगड गार व्हायला वेळ घेतात. तुमची पहाटेची वेळ त्यातल्या त्यात चांगली, पण तेवढीच. पाऊस किंवा दाट धुकं असेल तर तीही नाही.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. डोळ्याला लावून बघितलं की त्या डोळ्याची अंधाराची सवय मोडते, ती पुरती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून कॅमेऱ्यातला उजेड सगळ्यात कमी करा, आणि एकच बाई बघेल, बाकीच्या आपल्या डोळ्यांनी चौफेर बघतील असं ठरवा. कॅमेरेवालीनं वेचायचं नाही. जोडीनं, बोलत, आवाज करत जायचं हे तुम्हाला दलानं सांगितलं असेलच. कॅमेरा आला म्हणून त्यातलं काही सोडू नका. अर्धी बॅटरी राहिली की परत निघायचं, हाही नियम करून टाका.

प्रश्न : मी जिनिंगमध्ये वायरमन आहे. मालकांनी थर्मल कॅमेरा दिला. पॅनलमधली तांब्याची पट्टी थंड दाखवतो, पण शेजारची केबल तापलेली. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : केबलवर. चकचकीत तांबं स्वतःची उष्णता फार कमी बाहेर सोडतं आणि आरशासारखं आजूबाजूचं दाखवतं, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. काळी इन्सुलेशन टेप चांगली उष्णता सोडते. लाइन पूर्ण बंद करून, तपासून, पट्टीवर टेपचा तुकडा लावा आणि पुढच्या वेळी तिथे रोखा. चालू पट्टीला टेप लावायला हात घालायचा नाही, हे वायरमनला सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. मशिनं चालू, भार पुरेसा असेल तेव्हाच तपासणी करा. रिकाम्या लाइनवर केबलच्या टोकाचा ढिला लगसुद्धा थंड दिसतो. एकाच ठिकाणच्या तीन फेजमध्ये एक वेगळी तापली असेल तर तिथे नट ढिला असण्याची शक्यता धरा. कापसाच्या ढिगाकडे बघून मात्र निश्चिंत होऊ नका. आत धुमसत असलं तरी वर ते उशिरा येतं. गावातल्या डीपीचं बघायचं असेल तर जमिनीवरून, लांबून. झाकण उघडायचं काम महावितरणच्या माणसाचं.

प्रश्न : रानडुकरानं हरभरा पार झोपवला. हा कॅमेरा बंदुकीवर बसवता येते का?

उत्तर : या सदरात नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा आहे. पंचनाम्याचा अर्ज करा. आणि धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडायचा विचार असेल तर तोही सोडा. त्यात वाघही मरतात आणि शेजारचा माणूसही.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे कॅमेरा पडूनच राहतो. ठेवायचा कसा? आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू का? (गोंदिया)

उत्तर : पूर्ण भरूनही नाही आणि पूर्ण उतरवूनही नाही. निम्म्यावर आणा, निघत असेल तर बॅटरी वेगळी काढा, कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि डबा चुलीपासून व खिडकीपासून दूर. बॅटरीही कोरड्या जागी, टोकांवर टेप लावून. महिना-दोन महिन्यांनी उघडून बघा, पार खाली आली असेल तर पुन्हा निम्म्यावर आणा. अगदी तळाला जाऊन महिनोन्महिने पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज करणं धोक्याचं, ती टाकूनच द्यायची. पावसात वापरणार असाल तर पुस्तिकेतला आयपी नंबर बघा. आयपी 54 म्हणजे शिंतोडे सोसतो, 67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण दोन्ही आकडे चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलेलं असेल तरच.

कचऱ्याच्या गाडीत नको. गाडीत दाब पडला की ती पेटते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ती घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं आपल्यावर. जिथून कॅमेरा घेतला तिथे विचारा, नाहीतर नागपूरला कोणी जाणार असेल त्याच्याबरोबर ई-कचरा घेणाऱ्याकडे पाठवा. दोन्ही टोकांवर टेप लावलेली असली पाहिजे. फुगलेली मात्र एसटीत न्यायची नाही. तिच्यासाठी आधी फोन करा.